मिशिगनमध्ये भाड्याने राहता? घरपट्टीची सवलत तुम्हालाही आहे

घर आपलं नाही, मग घरपट्टीशी आपला काय संबंध, असं म्हणून हक्काचे पैसे सोडू नका. मिशिगन राज्य वर्षभराच्या भाड्याचा २३ टक्के हिस्सा घरपट्टी म्हणून धरतं. तो घरातल्या एकूण उत्पन्नाच्या ३.२ टक्क्यांहून जास्त असेल, तर वरच्या रकमेचे साधारण ६० टक्के परत मिळतात. ज्येष्ठांना बऱ्याचदा त्याहून जास्त.

समजा, भाडं महिना १,२०० डॉलर आणि उत्पन्न ४०,००० डॉलर. घरपट्टी धरली ३,३१२, त्यातून १,२८० वजा, उरले २,०३२. हातात येतात सुमारे १,२१९ डॉलर! एका महिन्याचं भाडंच की हो.

स्वतःचं घर असेल तर प्रत्यक्ष घरपट्टीवर हाच हिशोब. उत्पन्नाला आणि सवलतीला वरची मर्यादा आहे, ती त्या वर्षाच्या फॉर्मवर बघा. फॉर्मचं नाव एमआय-१०४०सीआर. वर्षातले किमान सहा महिने मिशिगनचे रहिवासी असायला हवं. आयकराचं रिटर्न भरावं लागत नसलं तरी हा फॉर्म भरता येतो, म्हणून निवृत्तांनी तर आवर्जून भरावा. मागचा राहून गेला असेल तर चार वर्षांपर्यंत मागे जाता येतं. भाड्याच्या पावत्या तेवढ्या जपून ठेवा.