डेब्रिस फ्लोचे जुने थर वाचताना या चुका टाळा

ऑगस्ट 1969 मध्ये कॅमिल चक्रीवादळ अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर आदळलं. त्याचा उरलासुरला पाऊस 19-20 तारखेच्या रात्री व्हर्जिनियातल्या नेल्सन काउंटीत कोसळला, आठ तासांत सुमारे 700 मिमी. डोंगरउतारावरची माती, धोंडे, झाडं पाण्यात मिसळून ओढ्यांतून एकजीव लोंढ्यासारखी खाली आली. हाच डेब्रिस फ्लो. तिथल्या ओढ्यांच्या तोंडाशी खणलं तर त्याआधीच्या लोंढ्यांचे थरही सापडतात, आणि ते वाचताना हमखास घोळ होतो.

धोंडे दिसले की 'पूर' लिहिणं. पुराच्या पाण्याने आणलेले गोटे एकमेकांना टेकून, कौलांसारखे रेललेले असतात आणि त्यांचा कल प्रवाहाच्या वरच्या दिशेला असतो. डेब्रिस फ्लोमध्ये धोंडा चिखलात रुतलेला असतो. पुडिंगमधल्या बेदाण्यासारखा म्हणा. बारीकमोठं सगळं एकत्र, कित्येकदा मोठे धोंडे थराच्या वरच्या भागात. पण हे जमिनीवरून ठरवू नका. वरची बारीक माती पावसाने धुऊन जाते, नुसते धोंडे उरतात आणि थर पुराचा वाटतो. मीटरभर खणा, खड्ड्याची भिंत खुरप्याने साफ करा, मग बघा. धोंड्याच्या गोलाईवरही जाऊ नका. आपल्याकडच्या बेसाल्टचे पापुद्रे सुटून जागच्या जागी गोल धोंडे तयार होतातच की.

थर मोजून घटना मोजणं. एकाच रात्रीत लोंढ्याच्या अनेक लाटा येतात. दोन थरांमध्ये गाडली गेलेली जुनी माती (काळसर, मुळांच्या खुणा असलेली) नसेल, तर त्या वेगळ्या घटना धरू नका.

कोळशाचं वय तेच लोंढ्याचं वय समजणं. थरातला कोळसा शेकडो वर्षं आधी जळलेल्या झाडाचा असू शकतो. त्यामुळे लोंढा फार तर तेवढा जुना, एवढंच कळतं. खोडाच्या गाभ्याऐवजी काटक्या किंवा बिया निवडा. नंतर खाली घुसलेली मुळं वगळा. शिवाय रेडिओकार्बनचं (किरणोत्सारी कार्बन किती उरला यावरून काढलेलं) 'बीपी' वय, म्हणजे 'बिफोर प्रेझेंट', आजपासून नव्हे, 1950 पासून मागे मोजतात, आणि कॅलिब्रेट केल्याशिवाय, म्हणजे वय माहीत असलेल्या नमुन्यांशी ताडून दुरुस्त केल्याशिवाय, ती कॅलेंडरची वर्षं नसतात.

जुन्या थराला चक्रीवादळाचं लेबल लावणं. ही सगळ्यात मोहात पाडणारी चूक. नेल्सनच्या उत्तरेला मॅडिसन काउंटीत 27 जून 1995 रोजी असेच शेकडो लोंढे आले. तिथे चक्रीवादळ नव्हतं, एकाच जागी खिळलेला वादळी पाऊस होता. पाऊस कुठून आला हे चिखल सांगत नाही. लेखी नोंद नसेल तर अहवालात 'अतिवृष्टीमुळे झालेला असावा' इतकंच लिहा.