बॉल पायथनची कात तुकड्यातुकड्यांनी निघत असेल तर

बॉल पायथन म्हणजे घरात पाळला जाणारा लहान अजगर. निरोगी सापाची कात नाकापासून शेपटीपर्यंत मोज्यासारखी उलटी, अखंड निघते. तुकडे पडले तर बहुधा हवा कोरडी असते.

डोळे निळसर-दुधी झाले, म्हणजे कात जवळ आली, की पेटीतली आर्द्रता ६०वरून ७० टक्क्यांवर न्या. काट्याचा स्वस्त मापक चुकतो, डिजिटल घ्या. वेटोळं मावेल एवढ्या झाकणाच्या डब्याला साप आत शिरेल एवढं भोक पाडून आत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा. मॉस मुठीत घट्ट पिळल्यावर थेंब पडायला नको. सतत ओल्यात बसून पोटाचे खवले कुजतात. अंग घासायला खडबडीत लाकूड ठेवा. या दिवसांत हाताळू नका, खायलाही देऊ नका. डोळे पुन्हा स्वच्छ झाल्यावर काही दिवसांत कात पडते.

तरी चिकटून राहिली तर २८-३० अंशांच्या पाण्यात, निम्मं अंग बुडेल इतपतच, २० मिनिटं ठेवा. नजर हटवू नका. मग ओल्या टॉवेलमधून त्याला स्वतःच सरपटू द्या.

पडलेली कात उलगडून डोळ्यांच्या दोन पारदर्शक टिकल्या शोधा. नसतील तर त्या डोळ्यांवरच अडकल्यात; चिमटा लावू नका, खालचा नवा पडदा फाटतो, पशुवैद्य गाठा. शेपटीच्या टोकाशी राहिलेलं कडं रक्तपुरवठा तोडतं, ते मात्र भिजवून लगेच सोडवा.