नव्या टीम लीडरनो, या चुका टाळा

“माझी माणसं कामच करत नाहीत” अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, तुम्ही रजेवर असता तेव्हा काम कसं चालतं? बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे प्रत्येक कामात नाक खुपसणं. एका टीमवर नवे साहेब आले. प्रत्येक मेल सीसी करा, मी बघितल्याशिवाय फाइल बाहेर जाणार नाही, असा फतवा निघाला. पहिल्याच मीटिंगमध्ये एकीने आकडा चुकल्याचं दाखवलं, तर सगळ्यांदेखत “तुम्हाला विचारलं होतं का?” पुढे ग्राहकाला जुन्या दरांचं कोटेशन गेलं. दर जुने आहेत हे टीममध्ये तिघांना ठाऊक होतं. का बोलला नाहीत म्हणून विचारलं, तर एकजण थंडपणे म्हणाला, “सर बघतात ना सगळं.”

साहेबांच्या मते माणसंच बेजबाबदार. पण कारण साहेबांच्या वागण्यातही असू शकतं. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी 1939 मध्ये 10-11 वर्षांच्या मुलांच्या गटांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. हुकूम सोडणारा प्रमुख खोलीत असेपर्यंत मुलं भरपूर काम करत. तो बाहेर पडला की काम थंडावे. विचारविनिमय करणाऱ्या प्रमुखाच्या गटात तो गेल्यावरही काम चालू राही.

माझी सवय सांगतो. मीटिंगमध्ये मी सगळ्यात शेवटी बोलतो. कुणी चूक घेऊन आलं की आधी “बरं झालं सांगितलंत”, मग प्रश्न. माझी मंजुरी फक्त पैसे जाणार असतील किंवा बाहेर कुणाला शब्द दिला जाणार असेल तिथेच.

उलट टोकाला जाऊन “मी पूर्ण मोकळीक देतो” म्हणणारेही भेटतात. कामाची मुदत नाही, अडलं तर साहेब फोन उचलत नाहीत. याला मोकळीक नाही, गायब होणं म्हणतात. वरच्या प्रयोगात वाऱ्यावर सोडलेल्या गटाचं काम सगळ्यात कमी भरलं होतं.

नवख्याला आणि मुरलेल्याला एकाच मापाने सूचना देऊ नका. ग्रुपवर कुणाला झापू नका. आणि एका दिवसाच्या वर्कशॉपमध्ये नेतृत्वशैली बदलून देणाऱ्यांवर पैसे घालवू नका.

घाई करणारे आठवड्यातच विचारतात, “मी बदललो, तरी कुणी बोलत का नाही?” माणसं आधी एखादी किरकोळ चूक सांगून साहेबांचा अंदाज घेतात. तेव्हा चिडलात, तर मोठी चूक ग्राहकाकडूनच कळेल.