पांढरं पडलेलं कोरल (प्रवाळ) जिवंत आहे का?

मत्स्यालयाच्या टाकीतले दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च मारून बघा. सांगाड्यावर काचेसारखी पातळ त्वचा आणि बाहेर आलेले स्पर्शक (बारीक सोंडांसारखे अवयव) दिसले, तर कोरल जिवंत आहे. गेलंय ते त्याच्या आत राहून त्याला रंग देणारं आणि पोसणारं शैवाल. कोरा सांगाडा आणि त्यावर हिरवट थर असेल, तर तेवढा भाग संपला. जिवंत कोरल खाली, कमी उजेडात, हलक्या प्रवाहात ठेवा. तापमान २५-२६ अंश, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं माप) १.०२५च्या आसपास हवं. पण सगळं एका दिवसात सुधारायला जाऊ नका, तो धक्का जास्त वाईट. शैवाल नाही म्हणजे कोरल उपाशीच, म्हणून रात्री पिपेटने चिमूटभर बारीक खाद्य द्या आणि उरलेलं काढून घ्या. तपकिरी, बुळबुळीत थर दिसला तर मात्र वाट बघू नका: तो नळीने ओढून काढा, कोरल वेगळ्या टाकीत हलवा. रंग परतायला आठवडे, कधी महिनेही लागतात.