ठेंगणी मोरपंखी : कुंडीतील आणि बागेतील निगा

शाळेच्या वह्यांत ‘विद्या’ म्हणून जी चपटी हिरवी फांदी जपून ठेवली जाई, ती मोरपंखीची. चीन-कोरियाकडचे हे सूचिपर्णी झाड वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये थुजा या प्रजातीत नोंदवले होते. आता त्याचे शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस असे आहे. मूळ झाड कित्येक मीटर उंच जाते. कुंडीसाठी किंवा लहान बागेसाठी त्याचा ‘ऑरिया नाना’ हा ठेंगणा, सोनेरी प्रकार घ्यावा, कारण तो फार सावकाश वाढतो आणि अंड्यासारखा घाट न मोडता बरीच वर्षे साधारण मीटरभर उंचीत राहतो. हे ठेंगणेपण बियांतून खात्रीने उतरत नाही, म्हणून रोपवाटिकेत ‘रोप फांदीचे की बियांचे’ हे आधी विचारावे. उंच प्रकाराचे लहान रोपही पिशवीत तेवढेच गोंडस दिसते.

या झाडाचा एक स्वभाव नीट समजला, तर पुढची सगळी निगा सोपी होते. जास्वंद किंवा तुळस पाण्यावाचून मान टाकते आणि पाणी मिळताच सावरते, पण मोरपंखी मान टाकत नाही. तिची मुळे सुकली किंवा कुजली तरी पाने कित्येक दिवस हिरवीच राहतात. माझे एक सुंदर रोप दसऱ्याच्या सुमारास तांबूस पडू लागले, तेव्हा मी पाणी वाढवले. कुंडी रिकामी केल्यावर दिसले की मुळे पावसाळ्यातच काळी पडून बुळबुळीत झाली होती. त्यामुळे पानांकडे पाहून पाणी देण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. बोट दोन इंच मातीत घालून पाहावे, कोरडे लागले तरच भरपूर पाणी द्यावे, आणि कुंडी लहान असेल तर ती एका बाजूने किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. आठवडाभरात हाताला ओल्या आणि सुक्या कुंडीतला फरक कळू लागतो.

रोपवाटिकेतून आलेल्या रोपाभोवती बहुधा लाल चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच भुसभुशीत मिश्रणात ठेवला, तर पाणी बाजूने निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. म्हणून लागवडीपूर्वी गोळा पाण्यात भिजवून कडेची माती बोटांनी हलकेच सैल करावी. मात्र सगळी माती झटकून मुळे उघडी पाडू नयेत. बारा इंचांची मातीची कुंडी सुरुवातीला पुरते. दोन भाग बागेची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे असे मिश्रण घ्यावे. पिशवीत खोड जेथवर मातीत होते, तेथवरच ते कुंडीतही असावे. तळाचे भोक मोकळे हवे आणि पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवावी.

जमिनीत लावायचे असेल आणि माती काळी असेल, तर खड्ड्यापेक्षा उंचवट्यावर भर द्यावा. वीतभर उंच, रुंद मातीचा ढीग करून त्यावर रोप लावले की जुलै-ऑगस्टमध्ये मुळांशी पाणी तुंबत नाही. दोन रोपांत मीटरभर अंतर ठेवावे.

निदान सहा तास ऊन मिळायला हवे. सावलीत सोनेरी छटा जाते आणि झाड विरळ होते. कुंडी भिंतीशी असेल तर पंधरवड्यातून एकदा पाव वळण फिरवावी, कारण भिंतीकडची बाजू एकदा उघडी पडली की ती सहसा पुन्हा भरत नाही. छाटणीचा नियमही याच कारणाने कडक आहे. मोरपंखीच्या उभ्या चपट्या फांद्या पुस्तकाच्या पानांसारख्या बाजूला सारून पाहिल्या, तर आत तपकिरी, पानांवाचूनचा भाग दिसतो. तिथवर कात्री गेली की नवे फुटवे जवळजवळ येतच नाहीत. फक्त हिरवी टोके, तीही फेब्रुवारीत किंवा पाऊस सरल्यावर, थोडी थोडी खुडावीत. आत अडकलेली वाळकी पाने हाताने काढली की हवा खेळती राहते. युरियाने फांद्या लांबट होऊन घाट फुटतो, म्हणून वर्षातून दोनदा मूठभर गांडूळखत पुरे.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही रस शोषणारी अतिबारीक कीड खरी शत्रू असते. पाने धुरकट, निस्तेज दिसली तर पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. कागदावर बारीक ठिपके चालू लागले, तर दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पाण्याचा जोरदार फवारा आतल्या बाजूपर्यंत मारावा आणि तेवढ्याने भागले नाही तर संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी. थंडीत मात्र सोनेरी झाडावर येणारी कांस्यछटा हा रोग नव्हे. ती सर्व बाजूंनी सारखी येते, फांदी लवचीकच राहते आणि ऊब वाढली की रंग परत येतो. एकाच बाजूची फांदी वाळून हाताशी कुरकुरली, तर लगेच मुळांशी ओल तपासावी.