पिस्तूल जवळ असताना पोलिसांनी गाडी थांबवली तर

अमेरिकेत परवान्याचं पिस्तूल कमरेला असताना मागे पोलिसांचे दिवे लागले, की खरी पंचाईत कागदपत्रांची. पाकीट मागच्या खिशात, म्हणजे हात नेमका पिस्तुलाकडेच जातो! म्हणून ड्रायव्हिंगचं आणि पिस्तुलाचं अशी दोन्ही लायसन्स शर्टाच्या खिशात आणि इन्शुरन्सचा कागद सन व्हायजरला अडकवलेला ठेवा.

१. इंजिन बंद, काच खाली, रात्री आतला दिवा चालू.
२. दोन्ही हात स्टिअरिंगवर.
३. सुरुवात ‘गन’ या शब्दाने नको. आधी परवाना आहे म्हणा, मग पिस्तूल कुठे आहे ते सांगा आणि पुढे काय करू, असं विचारा.

दाखवायला म्हणूनसुद्धा पिस्तुलाला हात लावू नका. नियम राज्यागणिक बदलतो: मिशिगनमध्ये हे आपणहून, लगेच सांगावंच लागतं.