डिकीचा आतला रंग: डबा उघडण्याआधीची तयारी

जुन्या गाडीची डिकी आतून पुन्हा रंगवायची आहे ना? रंगाचं नंतर बघू, आधी पाणी. डिकीचा तळ गंजलाय म्हणजे पाणी कुठून तरी आत येतंय. आत कोरडी वर्तमानपत्रं अंथरा, झाकण लावा आणि बाहेरून पाइपने संथ धार सोडा. सुरुवात टेल लॅम्पच्या गॅस्केटपासून (दिव्याभोवतीची रबरी पट्टी), मग झाकणाचं रबर, शेवटी मागच्या काचेची खालची कड. दर टप्प्याला कागद तपासा. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि नेमकी जागा सापडत नाही.

काहीही सोडवण्याआधी फोटो काढा: वायरिंगच्या क्लिपा, स्टेपनीचा बोल्ट, जॅकच्या सूचनांचं स्टिकर. मूळ रंगाचा तुकडा बहुधा मॅटखाली किंवा बिजागरीमागे शाबूत असतो, तो घासू नका. साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत ठिपक्यांचा स्प्लॅटर पेंट असे. तिथे सपाट काळा मारला की जाणकाराला लगेच खटकतं.

बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी कुठे आहे तेही बघा, कारण 1965च्या फोर्ड मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्राच डिकीच्या तळाचा भाग असतो. अशा गाडीत टाकी उतरवल्याशिवाय ग्राइंडर लावूच नये. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासण्यापेक्षा ओलं घासा आणि मास्क लावा.

आता गंज. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. पत्रा दबला किंवा भोक पडलं तर तिथे पॅच वेल्डिंगच हवं, पुट्टी चालणार नाही. वरवरचा गंज वायर ब्रशने आणि 80 नंबरच्या सँडपेपरने काढा. खड्ड्यांत उरलेल्या गंजाला फॉस्फरिक ॲसिड लावता येतं, पण बहुतेकांचं काम इथेच बिघडतं: ॲसिडचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) नीट धरत नाही आणि पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. ॲसिड ओलं असतानाच धुवा, पत्रा पूर्ण वाळवा, पुन्हा हलका पेपर मारा आणि ग्रीस रिमूव्हरने पुसा.

इपॉक्सीचे दोन हात द्या. सीम सीलर, म्हणजे पत्र्याचे सांधे बुजवणारी पेस्ट, त्यानंतर, उघड्या पत्र्यावर नाही. पाणी निघण्याची भोकं मात्र सीलरने बुजवू नका.

स्प्लॅटर पेंट पाण्यातला असतो. लिटर-दीड लिटर एकदमच आणा, दुसऱ्या डब्यातले ठिपके जुळतीलच असं नाही. डबा जोरात हलवू नका, काठीने हळू ढवळा. नाहीतर ठिपके फुटून एकच राखाडी रंग होतो. स्प्रे गनचं नोझल मोठं आणि हवेचा दाब कमी ठेवा. दाब वाढला की ठिपके बारीक होतात. आधी पुठ्ठ्यावर मारून मूळ तुकड्याशी ताडून घ्या. रंग पूर्ण वाळल्यावर वर मॅट क्लिअर (बिनचकाकीचा पारदर्शक थर) लागतोच, नाहीतर ओल्या फडक्यानेही रंग निघतो. क्लिअर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायचा, असेल तर साधा मास्क पुरत नाही, बाहेरची हवा पुरवणारा लागतो.

नवं रबर सगळ्यात शेवटी बसवा, तेही रंग कडक झाल्यावर. घाईत झाकण लावलं तर रबर कडेला चिकटतं आणि उघडताना रंग सोलून आणतं.